‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली!

इंग्रजीत एक गमतीशीर शब्द आहे, ‘डूलॅली’. ‘तो डूलॅली झालाय’ म्हणजे गडी भ्रमिष्ट झालाय, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. ऐकायला लहान पोराच्या बडबडीसारखा वाटतो, म्हणून इंग्रज माणूस तो हसत हसत वापरतो. पण ते एका गावाचं नाव आहे, आणि ते गाव महाराष्ट्रात आहे. देवळाली! आपल्या करमाळा तालुक्यातली नाही बरं का, नाशिकजवळची छावणीची देवळाली.

झालं असं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढवल्या. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेल्या रेल्वेच्या वाटेवर देवळालीला लष्करी तळ उभा राहिला. विलायतेतून आलेला सोल्जर आधी इथं उतरायचा आणि मग आपल्या पलटणीकडं जायचा. नोकरीची मुदत संपली की परत इथंच यायचा आणि मुंबईच्या जहाजाची वाट बघत बसायचा.

खरी गोम इथंच होती. फौजेची जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने तिथंच काढावे लागत. हाताला काम नाही, वर ऊन, मग पाऊस, मलेरिया आणि दारू. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या पुस्तकात या तळाबद्दल लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता असे शिपाई तिथं बसून बसून बिघडले, गंभीर भानगडीत अडकून घरी जायच्या आधी तुरुंगात गेले.

अशा माणसाला बाकीचे म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. आता हा ‘टॅप’ कुठला? तो आपलाच ताप! देवळालीचा ताप. आजही आपण म्हणतोच की, ‘डोक्याला ताप झालाय नुसता.’ १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश छापला, त्यात हा शब्द नोंदलेला आहे. पुढं ताप गळून पडला आणि नुसतं ‘डूलॅली’ राहिलं. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीनं देवळालीच्या तळावर एक विनोदी मालिका चालवली. २००९ मध्ये पुण्यात याच नावानं बिअरचा धंदाही सुरू झाला. म्हणजे शब्दातला माणूस गेला आणि गंमत तेवढी उरली.

आता म्हणाल, इंग्रजांनी आपल्या गावाचं नाव खराब केलं. थांबा. आपण काय करतो?

‘याला येरवड्याला न्या.’ ‘ठाण्याला भरती करा याला.’ पारावर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य कुणी म्हटलं नाही असा दिवस जात नाही. येरवड्याला आणि ठाण्याला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, रोज तिथं माणसं उपचार घेतात. आपण त्या गावांचं तेच केलं जे गोऱ्या सोल्जरनं देवळालीचं केलं.

माझे एक मामा तोफखान्यात होते. तोफखान्याची शाळा देवळालीलाच आहे, तिथं त्यांचा कोर्स झाला होता. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा माणूस बदललेला. रात्र रात्र ओट्यावर येरझाऱ्या घालायचे, फटाका वाजला की घरात जाऊन बसायचे. एकदा मामींनी डॉक्टरचं नाव काढलं. मामा म्हणाले, ‘म्हंजे गावानं येरवड्याचं तिकीट फाडलंच म्हणायचं.’ ते शेवटपर्यंत डॉक्टरकडे गेले नाहीत. त्या वेळी पारावर हसणाऱ्यांत मीही होतो. हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

देवळालीचे ते सोल्जर जन्मतः वेडे नव्हते. काम नाही, तारीख नाही, नुसती वाट बघायची, यानं त्यांचं डोकं गेलं. आज आपल्याकडं भरतीची जाहिरात कधी निघंल, निकाल कधी लागंल, उसाचं बिल कधी येईल म्हणून वाट बघणारी पोरं आणि बाप घरोघरी आहेत. त्यातला एखादा गप्प गप्प राहायला लागला, तर ‘डोकं फिरलंय त्याचं’ म्हणून मोकळं होऊ नका. जवळ बसा, विचारा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी दवाखान्यात मनाचे उपचार मिळणं हा आपला हक्क झालाय. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि पुढच्या वेळी येरवड्याचं नाव तोंडावर आलं, तर एवढंच आठवा, समोरचा हसतोय पण त्याच्या घरात कुणीतरी ते ऐकून डॉक्टरकडे जायचं रद्द करत असंल.