एरंडेलापासून ‘सिंथेटिक’ तेलापर्यंत

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की गाडीवान त्याला एरंडेलाचे वंगण घालीत असे. त्याच एरंडेलाने पुढे विमाने उडविली आणि शर्यतीच्या मोटारी पळविल्या, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. आज वेगवान मोटारीचा मालक तेल घ्यावयास जातो, तेव्हा त्याच्यापुढे ‘सिंथेटिक’, म्हणजे रासायनिक संश्लेषणाने घडविलेल्या तेलाचे अनेक डबे मांडले जातात. डब्यांच्या किमती निरनिराळ्या. त्यांवरील शब्द मात्र एकच. लाखो रुपयांच्या इंजिनाचे आयुष्य ज्या तेलावर अवलंबून, ते केवळ त्या एका शब्दावर विसंबून निवडावे काय? या प्रश्नाचे उत्तर वंगणाच्या इतिहासात सापडते.

१८९९ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी वंगणाचा व्यवसाय सुरू केला. मोटारी आणि विमाने नवी होती. त्यांच्या इंजिनांना तीव्र थंडीत गोठणार नाही आणि उष्णतेत पाण्यासारखे पातळ होणार नाही असे तेल हवे होते. वेकफील्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळले, आणि १९०९ साली त्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव मिळाले. एरंडेलाचे इंग्रजी नावच त्यात दडलेले आहे.

पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिने विलक्षण होती. त्यांचा मधला दांडा स्थिर राही आणि सिलिंडरच त्याच्याभोवती गरगर फिरत. पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जात असल्यामुळे खनिज तेल तिच्यात विरघळून वाहून जाई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही आणि धातूला घट्ट चिकटून राहते. म्हणून वैमानिकांचा सारा भरवसा त्याच्यावर होता. शर्यतीच्या मोटारींनीही त्याचा आश्रय केला. पण त्यात एक मोठा दोष होता. तापलेले एरंडेल हवेच्या संपर्काने चिकट राळेसारखे होऊन इंजिनात साचे. एका शर्यतीपुरते हे तेल उत्तम. रोजच्या प्रवासाला मात्र निरुपयोगी.

तेव्हा एरंडेलाचा गुण हवा, दोष नको, असे तेल रसायनशाळेत तयार करता येईल काय, हा प्रश्न उभा राहिला. जर्मनीत हेर्मान झोर्न या रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून एस्टर नावाच्या संयुगांचा कसून अभ्यास केला. एरंडेल हेही मुळात निसर्गाने घडविलेले एस्टरच होय. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमाने आली. उंचावरील कडाक्याची थंडी आणि इंजिनातील प्रखर उष्णता या दोन्ही टोकांना खनिज तेल पुरे पडेना; तेथे एस्टर तेलांनी आपले स्थान पक्के केले. गंमत अशी की, त्यांपैकी काहींसाठी लागणारे सेबॅसिक आम्ल एरंडेलापासूनच काढले जाई. गाडीवानाचे जुने तेल असे नव्या रूपात पुन्हा आकाशात गेले.

आकाशातील ही विद्या मग रस्त्यावर उतरली. १९७१ साली फ्रान्समधील मोतुल कंपनीने, १९७२ साली अमेरिकेतील ॲम्सॉइलने आणि १९७४ साली मोबिलने मोटारींसाठी संश्लेषित तेले बाजारात आणली. मोबिलच्या तेलाचा पाया एस्टर नव्हता. लहान रेणू ठराविक मापाने जोडून तो तयार केला होता. त्यात मेण नसल्यामुळे ते थंडीतही सहज वाहते. १९९२ साली शेव्हरोलेटने कॉर्व्हेट ही आपली वेगवान मोटार कारखान्यातच असे तेल भरून बाहेर आणली, आणि तेल थंड करणारे स्वतंत्र यंत्र काढून टाकले. उष्णता सोसण्याचे काम तेलावरच सोपविले गेले.

पुढे मात्र ‘सिंथेटिक’ या शब्दाचा अर्थच वादात सापडला. खनिज तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून अतिशुद्ध केलेल्या तेलाला हे नाव द्यावे काय, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात तंटा झाला. १९९९ साली तेथील जाहिरातविषयक पंचांनी कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून एकाच शब्दाखाली भिन्न कुळांतील तेले विकली जाऊ लागली. ही अतिशुद्ध तेलेही हलकी नव्हेत. पण केवळ त्या शब्दावरून तेलाची पारख करण्याचे दिवस संपले.

मग पाहावे तरी काय? प्रथम मोटारीसोबत येणारी पुस्तिका. तीत निर्मात्याने मान्य केलेल्या तेलाचा सांकेतिक क्रमांक असतो. तोच डब्यावर आहे की नाही हे ताडून पाहावे. ‘५डब्ल्यू-४०’ यासारख्या खुणेतील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला राहणारा दाटपणा. वेगवान इंजिनाच्या बाबतीत आणखी एक कसोटी महत्त्वाची : १५० अंशांना, जोराच्या घर्षणात तेलाचा थर किती टिकतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोचा आस याच थरावर तरंगत असतो. म्हणून दाट तेल तेवढे चांगले, ही समजूतही खरी नव्हे. बारीक मार्गांतून ते वेळेवर पोहोचले नाही, तर त्याचा दाटपणा व्यर्थ.

एरंडेल विमानाला तारक ठरले, ते त्या इंजिनाची गरज त्याने भागविली म्हणून. तेल बदलले, इंजिने बदलली. निवडीचा हा नियम मात्र बदललेला नाही.