सामायिक परसाची कुळकथा

कोकणी घराचा जमाखर्च मागीलदारी कळतो. न्हाणीचे पाणी केळीला आणि अळवाला, गोठ्यातले शेण गायरीत, वाळलेला पातेरा झाडांच्या बुंध्याशी. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांत काही फुकट जात नसे. परसू ज्याचे त्याचे असले, तरी पाणी वाडीचे असे. पाऊस सरला की व्हाळावर दगडमातीचा बंधारा घालायला सगळ्यांनी यायचे, मग पाटाचे पाणी पाळीने वायंगणी भाताला आणि भाजीच्या मळ्यांना मिळायचे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव याच रीतीतला वडीलधारा. तो 1530 सालचा मानतात. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

शहरात घर गेले आणि परसू सुटले. ते एकत्र येऊन परत मिळवण्याची खटपट बऱ्याच ठिकाणी झाली. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये 1864-65च्या सुमारास हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखांनी मुलांसाठी खेळाचे मैदान उभारणारी संस्था काढली आणि तिला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचे नाव दिले. मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले गेले. मुले लवकरच कंटाळली, वाफे आईबापांनी ताब्यात घेतले. जर्मनीत अशा बागांना आजही श्रेबरचेच नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी भागातली कचऱ्याने भरलेली मोकळी जागा साफ करून तिथे बाग केली. ती अजून आहे.

आपल्याकडची शाखा फुटली ती सिंधुदुर्गाच्या घाटापलीकडे. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवत. 1966च्या सुमारास त्यांनी ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, निष्कर्ष दुसऱ्याला कळवायचा, एवढाच त्याचा नियम. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी यातून खूप काही मिळवले. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, असे दाभोलकर मांडत. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकेल, हा त्यांचा हिशोब होता. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी तीन दिवस मुरवून केलेल्या अमृतजलात वाळका पाला भिजवायचा, त्यावर मातीचा पातळ थर द्यायचा आणि कुजवायचे. त्यातून तयार होते ती अमृतमाती.

मुंबईत अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर पिशव्यांत आणि पिंपांत भाजी पिकवत होते. भरण मुख्यतः उसाच्या चिपाडाचे, माती थोडी. गच्चीसाठी ही युक्ती मोलाची, कारण स्लॅबवर फार ओझे पडत नाही. या दोन वाटा मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवर एकत्र आल्या. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात सुमारे 3000 कर्मचाऱ्यांचे जेवण होत असे आणि ओला कचराही तेवढाच. खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 साली तो कचरा गच्चीवर नेऊन मुरवला आणि स्वयंपाकघरातल्या कामगारांना हाताशी धरून त्यात फळझाडे व भाज्या लावल्या. पुढे 2009 साली ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट निघाला. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे जमून माती करू लागली, लावणी करू लागली आणि निघालेली भाजी वाटून घेऊ लागली.

लाइपझिग असो की मुंबई, बाग टिकली ती पाळी आणि वाटा ठरल्यावर. जागा त्यानंतरची गोष्ट. व्हाळावरच्या बंधाऱ्याचा नियमही हाच होता.

आता मालवण, कुडाळ, कणकवलीतही मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांना मागीलदार नाही. मात्र गच्ची आहे, ऊन भरपूर आहे, आणि चिपाडाऐवजी नारळाची सोडणे व पातेरा हवा तेवढा आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीचा विषय काढा. आधी गळती तपासून घ्या, पाणी घालायच्या पाळ्या लिहून काढा, ओला कचरा कोण कधी वर नेणार ते ठरवा. मग पहिल्या वर्षी तांबडी भाजी, मुळा आणि मिरची एवढेच लावा. ती वाटून खाल्ली, की दुसऱ्या वर्षी काय लावायचे यावर सभेत आपोआप वाद होतील.