घरपट्टी आणि गांवचें स्वराज्य

इतिहास म्हटला कीं आपलें लक्ष प्रथम लढाया आणि तहनामे ह्यांकडे जातें. गांवच्या जमाखर्चाच्या वहींत इतिहास शोधण्याची आपणांस संवय नाहीं. वस्तुतः राज्यकर्ता आणि प्रजा ह्यांच्यामधील खरें नातें त्या वहींतच उमटलेलें असतें. दिवाबत्ती, गटारें, पाणी ह्यांचा खर्च कोणीं, किती आणि कोणाच्या संमतीनें द्यावयाचा, हा प्रश्न सुटल्यावांचून स्वराज्य हा शब्द लहान गांवांत तरी पोकळच राहतो. घरपट्टीसारख्या रुक्ष विषयाचा पूर्वेतिहास येथें द्यावयाचा तो एवढ्याचसाठीं.

इंग्रजी अमदानींतील ह्या कराचा एक मोठा प्रसंग काशीस घडला. 1810 सालीं कंपनी सरकारनें तेथील घरांवर कर बसविला. लोकांनीं दुकानें मिटलीं, धंदे बंद ठेवले, आणि हजारों माणसें घरें सोडून मैदानांत धरणें धरून बसलीं. शेवटीं सरकारास तो कर मागें घ्यावा लागला. ह्यावरून हिंदी माणूस करास मुळांतच विन्मुख आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उथळ ठरेल. काशीकर जकाती भरीतच होते. परंतु हा नवा पैसा सरकारी खजिन्यांत जाणार होता. त्यांतून काशीच्या गल्लींत दिवा लागेल असें वचन नव्हतें, आणि कराची रक्कम ठरवितांना त्यांस कोणीं विचारलें नव्हतें.

गांवचा पैसा गांवांतच खर्च करण्याचा प्रयोग पुढें 1842 सालीं बंगाल्यांत झाला. रहिवाशांची इच्छा असल्यास घरांवर कर घेऊन गांव स्वच्छ राखावें, असा तो कायदा होता. पण एका गांवीं तो लागू होतांच लोकांनीं कर तर दिला नाहींच, उलट वसुलीस आलेल्या कलेक्टरावर अतिक्रमणाची फिर्याद लावली! ह्या अनुभवानंतर 1850 च्या कायद्यानें घरपट्टीबरोबर मालावरील जकातीचीही मुभा ठेविली. मुंबई इलाख्यांतील जुन्या शहर-जकाती व धंद्यांवरील कर 1844 सालींच रद्द झाले होते. ती मोकळी जागा आतां म्युनिसिपालिटीच्या जकातीनें भरून काढली. नवा कायदा ह्या इलाख्यांत भराभर पसरला, त्याचें हें एक मोठें कारण होय.

जकातीची ही लोकप्रियता समजून घेण्यासारखी आहे. जकात मालाच्या भावांत विरून जाते. नाक्यावर ती व्यापारी भरतो, दुकानांत गिऱ्हाईक भरतें, आणि संध्याकाळपर्यंत दोघेही तें विसरतात. घरपट्टीची मागणी मात्र नांवानिशीं दारांत येते, आणि घेतलेल्या पैशाचें काय केलें, हा प्रश्न तिच्याबरोबर आपोआप घरांत शिरतो. जकातींत मोळी विकत घेणारा गरीब आणि माडीवाला सावकार सारख्याच दरानें भरडले जातात. घरपट्टी निदान माडीची उंची पाहते. म्हणूनच माडीवाल्यांचें प्राबल्य असलेल्या मंडळांस जकात अधिक सोयीची वाटली, तर त्यांत नवल नाहीं.

18 मे 1882 च्या ठरावांत लॉर्ड रिपननें स्थानिक स्वराज्याचा हेतु केवळ कारभाराची सुधारणा हा नसून लोकांचें राजकीय शिक्षण हा आहे, असें स्पष्ट केलें. त्यास अनुसरून मुंबईचा 1884 चा, आणि पुढें 1901 चा कायदा झाला. घराचें वर्षाचें भाडें किती येईल हें पाहून आकारणी करावी. आकारणीची यादी सर्वांस पाहण्यास खुली ठेवावी. हरकती ऐकून मगच ती कायम करावी. आणि चार वर्षांतून एकदां तरी ती समूळ तपासावी, ही पद्धत ह्या 1901 च्या कायद्यानें घालून दिली. पद्धत उत्तम होती. पण कर बसवावा कीं नाहीं, हें मंडळाच्या मर्जीवर होतें. शेजाऱ्याच्या घराची आकारणी वाढवून पुन्हां त्याच्याच दारांत मत मागावयास जाणें कोणास आवडेल? यादी तपासली जाई, पण आंकडे जुन्याजवळच घुटमळत.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या 1965 च्या कायद्यानें नगरपरिषदांस घरपट्टी सक्तीची केली. 1993 पासून अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें त्यांस घटनेंतच स्थान मिळालें. तथापि कोणता कर घ्यावयाचा, हें ठरविण्याची सत्ता राज्याच्या विधिमंडळाकडेच राहिली. 1999 सालीं नगरपरिषदांची जकात उठली. नाक्यावरचा खोळंबा गेला हें बरेंच झालें. पण जकातीच्या जागीं सरकारी अनुदान आलें. पूर्वीं जो कर दिसत नसे, त्याच्या जागीं आतां जो गांवांतून गोळाच होत नाहीं असा पैसा आला.

ह्याचा परिणाम अंदाजपत्रकावर होतो. समजा, एखाद्या गांवास वर्षास बारा लाख रुपये हवे आहेत; इतर उत्पन्न सात लाख आहे, आणि घरांचें करयोग्य मूल्य पन्नास लाख आहे. उरलेले पांच लाख म्हणजे शेंकडा दहा हा कर झाला. गटार आणखी बांधावयाचें तर दर वाढेल, नको असेल तर वाढणार नाहीं. गांवानें बसून ठरवावें. ज्या देशांत लहान गांवांचें स्वराज्य मुरलें आहे, तेथील हिशेब साधारणपणें असाच मांडला जातो: आधीं गरज, मग इतर उत्पन्नाची वजाबाकी, आणि शेवटीं दर. आपल्याकडे आधीं अनुदानाचा आंकडा पाहावयाचा आणि मग त्यांत गरज बसवावयाची, अशी रीत पडली. त्यामुळें सभेंतील वाद गांवाशीं न होतां दूरच्या कचेरीशीं होतो.

काशीच्या लोकांनीं विचारल्याशिवाय कर देण्याचें नाकारलें. आपण कर न देतां विचारण्याचें सोडून दिलें आहे. ह्या दोहोंपैकीं पहिली वृत्ति राज्यकर्त्यांस अधिक जड जाते, आणि स्वराज्यास अधिक मानवते. घरपट्टी वाढल्याची कुरकुर करणाऱ्यानें ती अवश्य करावी. मात्र ती करण्यापूर्वीं आकारणीची यादी आणि गांवचें अंदाजपत्रक एकदां तरी स्वतः वाचून पाहावें.