सूप, सुकट आणि सोयाबीन

व्युत्पत्ती शिकवताना 'सूप' हा शब्द आमच्या हमखास उपयोगी पडतो. धान्य पाखडण्याचे सूप संस्कृत 'शूर्प'पासून आले. उपाहारगृहात मिळणारे सूप इंग्रजीतून आले. तिसरे सूप संस्कृतातले, म्हणजे शिजवलेल्या डाळीचे वरण किंवा कढण. त्यावरूनच स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणत, आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली आपल्या पाकपुस्तकाला 'सूपशास्त्र' हे नाव दिले. ध्वनी एक, कुळे तीन. या टिपणाचा विषय मात्र एक साधी वाटी आहे: यवतमाळात घरी केलेले सुकट आणि टोफूचे पातळ सूप. या वाटीत तिन्ही सुपे कशी एकत्र येतात, हे पाहताना आमच्या जिल्ह्याचा थोडा इतिहासही हाती लागला.

समुद्र आमच्यापासून फार लांब आहे. वर्धा, पैनगंगा, अरुणावती, अडाण, पूस या नद्यांतले मासे भोई-ढिवर समाजाने धरावेत आणि गावाने खावेत, ही इथली जुनी रीत. तरीही आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या दुकानांपासून जरा दूर, एका कडेला, सुकट आणि सुके बोंबील यांचे ढीग असतातच. किनाऱ्यावर उन्हात वाळवलेला हा जिन्नस शेकडो मैलांचा प्रवास करून आलेला असतो. बर्फ नको, घाई नको. वाळवण हेच त्याचे वाहन.

किनारा आणि वऱ्हाड यांचे नाते तसे जुने आहे. रेल्वेच्या आधी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य यांची ने-आण करीत. 'लमाण' हा शब्द 'लवण'शी जोडला जातो तो त्यामुळेच. पुसद-दिग्रसकडचे तांडे आजही त्या वाटांची आठवण देतात. १८६७ साली लोहमार्ग भुसावळहून नागपूरला पोचला आणि आमच्या भागासाठी धामणगाव हे मालाचे दार झाले. तेव्हा हा जिल्हा 'वणी' नावाने ओळखला जाई. 'यवतमाळ' हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. कापूस मुंबईकडे गेला, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर आहे. परतीच्या वाटेने गरिबाच्या ताटात काय आले, याची नोंद करण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

इथे एका ग्रंथाची आठवण होते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो तो त्यातल्या मराठी पद्यपंक्तींमुळे. दशावताराच्या त्या स्तुतीत पहिला मान अर्थातच मत्स्यावताराला. पण त्याच ग्रंथात मासे धरण्याच्या विनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि राजाच्या भोजनातल्या माशांचेही वर्णन आहे, हे आम्ही वर्गात सहसा सांगत नाही. मत्स्य देव म्हणून अभ्यासक्रमात आला आणि अन्न म्हणून बाहेर राहिला. छापील मराठी पाकपुस्तकांतही माशाला जागा मिळाली ती मुख्यतः किनाऱ्यावरच्या घरांमुळे. आठवडी बाजारातल्या सुकटीला, ती रांधणाऱ्या वस्त्यांना तिथे थारा नव्हता. मराठवाड्यातल्या दलितांची खाद्यसंस्कृती शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मांडली, ती २०१५ साली. इतका उशीर हाही इतिहासाचाच भाग आहे.

आता सोयाबीन. टोफू मूळचा चीनचा. त्याचा लेखी उल्लेख तिथे दहाव्या शतकापासून सापडतो. आमच्या शेजारीही सोयाबीनचा एक प्रयोग झाला होता, आणि तो विस्मृतीत गेला आहे. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. १९३५मध्ये तिथल्या सामुदायिक स्वयंपाकघरात गांधीजींनी सोयाबीन आणले, स्वतः खाऊन पाहिले आणि 'हरिजन' साप्ताहिकातून त्यावर लिहिले. दूध न परवडणाऱ्या खेड्यातल्या माणसाला प्रथिने कशी मिळतील, हा त्यामागचा प्रश्न होता. त्याच सुमारास बडोदा संस्थानही या पिकाचा विचार करीत होते. तिथले अन्न-सर्वेक्षण अधिकारी एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरचे इंग्रजी पुस्तक १९३६ साली बडोद्यातच छापले गेले; लागवडीपासून पाककृतींपर्यंत सगळे त्यात होते.

वर्धा नदी ओलांडली की आमचा जिल्हा. पण सोयाबीन ती नदी ओलांडून आले ते फार उशिरा, आणि निराळ्या वाटेने. गेल्या तीन-साडेतीन दशकांत कापूस आणि तुरीच्या जोडीला ते वावरावावरांत पसरले. चार महिन्यांत हाती येणारे, दिवाळीच्या तोंडावर पैसा देणारे पीक म्हणून शेतकऱ्याने ते जवळ केले. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल असते. तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. मगनवाडीचा प्रश्न माणसाच्या ताटाचा होता. बाजाराने त्याचे उत्तर पेंडीच्या पोत्यात बांधून दिले.

वर्गात एकदा आम्ही विचारले, "घरी सोयाबीन कोण पेरतं?" बहुतेक हात वर आले. "आणि घरी कोण खातं?" दोन-तीन हात, तेही बाजारातून आणलेल्या वड्यांचे. मग सुकटीबद्दल विचारले. वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आम्ही खातो, पण डब्यात आणत नाही." त्या एका वाक्यात जे होते ते आमच्या कोणत्याच टाचणांत नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही हे सूप केले. पाव किलो सोयाबीन पाखडून, म्हणजे पहिल्या सुपातून काढून, रात्रभर भिजवले. साले काढून भरपूर पाण्यात वाटले आणि गाळले. हे दूध नीट दहा-पंधरा मिनिटे उकळावे लागते. कच्चे सोयाबीन पचत नाही. ते उतू फार जाते, म्हणून ढवळणे सोडू नये. किंचित निवल्यावर पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घातला की दूध फाटते. ते फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवले की टोफू तयार. उरलेला चोथा थालीपिठात खपतो. सुकट निवडून, कोरडीच भाजून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी. आले, लसूण आणि पाणी यांत ती उकळावी, मग टोफूचे तुकडे, कांद्याची पात आणि मिरी. मीठ शेवटी, चव पाहूनच, कारण सुकट कधी कधी खारट असते. तर्रीची सवय असलेल्या जिभेला हे प्रथम फिके वाटते. दुसऱ्या घोटाला समुद्राची चव कळते.

टोफू हे शेवटी एका कडधान्याचेच रूप. म्हणजे जुन्या अर्थानेही हे 'सूप'च. या वाटीने शेतमालाचा भाव वाढणार नाही, आणि मागच्या बाकावरचा संकोचही एका दिवसात जाणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालेल्या जिल्ह्यात राहून असे भाबडे विधान करणे शोभणारही नाही. परंतु जे पिकते ते ताटात नाही आणि जे ताटात आहे ते बोलण्यात नाही, ही दोन मौने एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचेच आहे, असे आम्हांला वाटते. पुढच्या सत्रात व्युत्पत्तीचा तास घेताना सुपाचे चौथे उदाहरण म्हणून आम्ही हे सांगणार आहोत. डबाही नेऊ.