चांदोलीचं जंगल किती जुनं?

रत्नागिरी जिल्हा म्हटलं की आमच्या बुरोंडीसारखे किनारे आठवतात. पण जिल्ह्याची पूर्व कड सह्याद्रीच्या घाटमाथ्याला टेकलेली आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून प्रचितगड चढायला लागलं, की शेवटी लोखंडी शिडी येते आणि वर चांदोली राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. इथे फिरायला वनखात्याची परवानगी लागते. परत आलेले ट्रेकर हमखास म्हणतात, "काय अस्पर्श जंगल आहे!"

इथेच थांबूया. अस्पर्श? १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी सुर्व्यांकडून शृंगारपूर घेतलं. म्हणजे या वाटांवर सैन्य, व्यापारी, गुरं यांची ये-जा तेव्हाही होती. घाटमाथ्यावर डोंगर जाळून नाचणी-वरी पिकवायची कुमरी शेती चालायची. इंग्रजांच्या वनखात्याने ती हळूहळू बंद पाडली. माथ्यावर अगदी कालपरवापर्यंत गावं होती. झोळंबीचा सडा आज गव्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण झोळंबी हे मुळात एका गावाचं नाव.

आता सनावळी बघा. १९८५ला अभयारण्य, २००४ला राष्ट्रीय उद्यान (सुमारे ३१८ चौ. किमी), २०१०ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ला जागतिक वारसा. वारणा धरण आणि अभयारण्य या दोन्हींमुळे माणसं उठली, सांगली-कोल्हापूरकडे वसवली गेली. आज ट्रेकरला जी शांतता आवडते, तिची किंमत त्यांनी मोजलीय.

संशोधनाला याचा काय संबंध? थेट आहे. समजा तुम्ही सड्याखालच्या एका तुकड्यातली झाडं मोजली आणि "मूळ जंगल" म्हणून दुसऱ्या जागेशी तुलना केली. तो तुकडा चाळीस वर्षांपूर्वी कुणाचं तरी भातखाचर असेल, तर तुम्ही जंगल नाही, पडीक शेताचं वय मोजताय. आकडे बरोबर, निष्कर्ष चूक.

म्हणून आधी जमिनीचा इतिहास काढा. जुने टोपोशीट बघा, त्यात वस्त्या आणि पायवाटा सापडतात. गॅझेटियर शोधताना सांगलीचं शोधू नका. शिराळा भाग तेव्हा साताऱ्यात होता, त्यामुळे १८८५चा सातारा खंड उघडा. आणि पुनर्वसन वसाहतीत जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोला. कुठल्या उतारावर नाचणी व्हायची आणि देवराई कुठे होती, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. त्यांना तोंडपाठ असतं. ती पिढी आता थकत चाललीय, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.