'श्यामची आई' घेताना रात्री मोजा

मंडळी, 'श्यामची आई' मागितली की आता दुकानदार उलट विचारतो, कोणत्या प्रकाशनाची देऊ? मुखपृष्ठं वेगळी, किमती वेगळ्या. आणि आतलं पुस्तक प्रत्येक वेळी पूर्ण असतंच असं नाही.

यामागे कायद्याची गंमत आहे. साने गुरुजी गेले ११ जून १९५०ला. तेव्हाच्या हिशेबाने, म्हणजे मृत्यूनंतर ५० वर्षं, पुस्तक २०००च्या अखेरीस मोकळं व्हायचं. पण मध्ये आले रवींद्रनाथ! ते १९४१ साली गेलेले. विश्वभारतीचे त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क १९९१अखेर संपणार, म्हणून सरकारने मुदतच ६० वर्षं केली. त्यामुळे 'श्यामची आई' सर्वांना छापायला खुली झाली ती १ जानेवारी २०११ला. आयर्लंडचा जेम्स जॉईसही १९४१चाच. त्याची 'युलिसिस' कादंबरी युरोपात १९९२ला मोकळी झाली, लोकांनी धडाधड छापली, आणि १९९५ला मुदत ७० वर्षं होताच परत हक्कात गेली. त्या मानाने आपलं सरळ झालं म्हणायचं.

पुस्तक खुलं झालं हे चांगलंच झालं. स्वस्त झालं, खेड्यापाड्यात पोचलं. गुरुजी म्हणजे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले मास्तर (अमळनेर त्या खान्देशातल्या जळगावचं बरं का, आपल्या जामोदवाल्याचं नाही). धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. 'श्यामची आई'चा बराचसा भाग नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३मध्ये, ९ तारखेपासून १३च्या सकाळपर्यंत लिहिला. छापून आलं १९३५ला. अशा माणसाच्या पुस्तकावर कुणाची कायमची मालकी कशाला?

पण मोकळं म्हणजे कसंही कापावं असं नाही ना. मूळ पुस्तकात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, एकूण ४२. मुलांसाठी म्हणून ती छाटली की आधी काय जातं? अवघड वाटतं ते. त्यातल्या एका रात्री, 'देवाला सारी प्रिय' तिचं नाव, म्हातारी महार बाई ओझं उचलता न येऊन उभी असते आणि आई श्यामला हात लावायला पाठवते. त्या काळातल्या ब्राह्मण घरातली ही गोष्ट! याच श्यामने मे १९४७मध्ये पंढरपूरला उपोषण केलं, विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून. आपल्याकडून शेगावची पालखी दरवर्षी तिथेच जाते. ती रात्र गाळली, तर पोरांच्या हाती नुसती रडवणारी आई राहते, आणि पंढरपूरला उपाशी बसलेला माणूस कुठून आला ते कळतच नाही.

तेव्हा शाळेच्या बक्षिसांसाठी, वाचनालयासाठी गठ्ठ्याने प्रती घेणाऱ्यांनी आधी एक प्रत उघडावी. कुठे बारीक अक्षरात 'संक्षिप्त' लिहिलंय का पाहावं, प्रस्तावना आहे का पाहावं, अनुक्रमणिकेत ४२ रात्री मोजाव्या, आणि मगच पैसे द्यावे.