शेजाऱ्याला निरोप, वाघांना निमंत्रण

श्रीलंकेविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा आपल्या बाजूनं बोलतो. शांतिसेना आपली, राजीव गांधी आपले, श्रीपेरुंबुदूरची ती रात्रही आपलीच. त्यामुळे या कहाणीतला एक महत्त्वाचा माणूस आपल्याकडे विस्मरणात गेला. त्याचं नाव रणसिंघे प्रेमदासा. जानेवारी १९८९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा उत्तरेत वेगळा देश मागणारे बंडखोर होते, दक्षिणेत सरकार उलथवायला निघालेले बंडखोर होते, आणि देशाच्या भूमीवर शेजारच्या बलाढ्य देशाचं लष्कर होतं. ते लष्कर आपलं होतं. आज जरा त्यांच्या खुर्चीत बसून पाहू या.

प्रेमदासा मोठ्या घरातले नव्हते. जन्म १९२४ चा, कोलंबोतल्या केहेलवत्त या गरीब वस्तीतला. केहेलवत्त म्हणजे केळीची बाग. नाव गोड, वस्ती दाटीवाटीची. त्यांच्या आधी श्रीलंकेवर राज्य केलं ते सेनानायके, बंदरनायके, जयवर्धने अशा बड्या घराण्यांनी. प्रेमदासांचा पक्ष यूएनपी, म्हणजे युनायटेड नॅशनल पार्टी. विरोधक त्या अक्षरांचा अर्थ ‘अंकल-नेफ्यू पार्टी’ असा लावत. काका-पुतण्यांचं राजकारण महाराष्ट्राला समजावून सांगायला नको! अशा पक्षात हा माणूस कोलंबो नगरपालिकेपासून एकेक पायरी चढत पंतप्रधानपदापर्यंत आला. जात आड येत होती, तरी आला. गरिबांना घरं, हा त्यांचा ध्यास. १९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवाऱ्याचं वर्ष म्हणून पाळलं, तेही त्यांच्याच सूचनेवरून.

त्याच १९८७ सालच्या जून महिन्यात भारताच्या विमानांनी जाफनावर अन्नधान्याची पाकिटं टाकली. श्रीलंकेचं सैन्य तमिळ बंडखोरांचा बीमोड करत होतं आणि तमिळ जनता होरपळत होती, हे खरंच. पण परवानगी न घेता, लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात टाकलेलं ते धान्य कोलंबोला कसं दिसलं असेल? २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. कोलंबोत त्या दिवशी संचारबंदी होती. पंतप्रधान प्रेमदासा समारंभाला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेणाऱ्या राजीव गांधींवर एका श्रीलंकन नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला. ते छायाचित्र जगभर गेलं. त्या नौसैनिकाला शिक्षा झाली आणि पुढे त्याला माफी देऊन सोडलं ते प्रेमदासांनीच.

करारानुसार शांतिसेना उत्तरेत आणि पूर्वेत उतरली. वाघांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची आणि तमिळ प्रांताला काही अधिकार मिळतील असं पाहायचं, हे तिचं काम. ऑक्टोबरपर्यंत ती वाघांशीच लढू लागली. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथं पडले. परमवीरचक्र मिळालेले शांतिसेनेतले ते एकमेव वीर. एकूण सुमारे बाराशे भारतीय सैनिक त्या मोहिमेत गेले. कोणासाठी लढतो आहोत, हे त्यांना कोणी नीट सांगितलं असेल असं वाटत नाही. तमिळांना ते नकोसे झाले होते आणि सिंहलींना तर आधीपासूनच नको होते.

दक्षिणेतल्या सिंहली तरुणांची संघटना म्हणजे जनता विमुक्ती पेरामुना, थोडक्यात जेव्हीपी. ‘भारतीय विस्तारवाद’ हा तिच्या शिकवणीतला जुना धडा. भारतीय मालावर तिनं बहिष्कार पुकारला. मतदानाला जाल तर मराल, अशी धमकी दिली. १९ डिसेंबर १९८८ च्या निवडणुकीत प्रेमदासा ५० टक्क्यांच्या जेमतेम वर राहून जिंकले, तेव्हा मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास झालं होतं. म्हणजे जवळजवळ निम्मा देश घरात बसून होता, बराचसा भीतीनं. २ जानेवारीला कँडीच्या दंतमंदिरात त्यांनी शपथ घेतली.

त्यांचा हिशेब असा होता. भारतीय सैनिक जोवर इथं आहेत, तोवर जेव्हीपीला देशभक्तीचा झेंडा आयता मिळतो. सैन्य गेलं की तो झेंडा आपल्या हातात येईल. आणि वाघांनाही शांतिसेना नकोच आहे, मग त्यांच्याशी बोलायला काय हरकत? हा हिशेब वेडगळ नव्हता. त्यांच्या जागी कोणीही तो मांडून पाहिला असता.

एप्रिल १९८९ मध्ये, सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुमारास, त्यांनी युद्धविराम जाहीर करून दोन्ही बंडखोरांना बोलावलं. जेव्हीपीनं पाठ फिरवली. वाघ आले. लंडनहून अँटन बालसिंघम आले आणि मे महिन्यात कोलंबोच्या बड्या हॉटेलात बोलणी सुरू झाली. १ जूनला प्रेमदासांनी जाहीर सभेत सांगून टाकलं की जुलैअखेर शांतिसेनेनं निघावं. राजीव गांधींना पत्र गेलं ते त्यानंतर, २ जूनला. आधी चौकात पुकारा आणि मग घरी निरोप! दिल्लीचं म्हणणं, करार दोन देशांतला आहे, तारीख एकट्यानं ठरवता येत नाही. महिनाभर पत्रं उडत राहिली.

त्यातच १३ जुलैला वाघांच्या माणसांनी अमृतलिंगम यांचा त्यांच्या कोलंबोतल्या घरी खून केला. संसदेच्या मार्गानं तमिळांची बाजू मांडणारे ते वयोवृद्ध नेते. मारेकरी चर्चेला म्हणून आले होते. प्रेमदासांनी इथं थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. ते थांबले नाहीत. उलट त्यांच्या सरकारनं वाघांना शस्त्रं आणि पैसा पुरवला, हे पुढे उघड झालं. भारताच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या तमिळ सेनेशी वाघांनी लढावं, यासाठी. ज्यांना देश तोडायचा आहे त्यांच्याच हाती देशाच्या तिजोरीतली बंदूक!

दक्षिणेतलं बंड त्यांनी मोडलं. नोव्हेंबरमध्ये जेव्हीपीचा नेता रोहन विजेवीरा पकडला आणि मारला गेला. पण ते मोडताना हजारो तरुण बेपत्ता झाले. नद्यांतून प्रेतं वाहिली. गरिबांना घरं देणाऱ्याच्याच कारकिर्दीत किती घरं मुलांविना राहिली.

२४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून शांतिसेनेची शेवटची तुकडी निघाली. मद्रासच्या धक्क्यावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आणि तिसऱ्या महिन्यात, ११ जूनला, वाघांनी पूर्वेतल्या पोलिस ठाण्यांना वेढा घातला. वरून आदेश आला, प्रतिकार करू नका. पोलिस शरण गेले आणि शरण गेलेल्या शेकडो पोलिसांना गोळ्या घातल्या गेल्या. प्रेमदासांचे मंत्री ए. सी. एस. हमीद वाघांशी बोलणी करत आले होते. ते घाईघाईनं जाफनाला गेले, पण आता तिकडे कोणाला बोलायचं नव्हतं.

हमीद मुसलमान होते. उत्तरेतल्या मुसलमानांचं काय झालं, ते मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. ऑगस्टमध्ये पूर्वेतल्या कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणारे शंभराहून अधिक लोक मारले गेले. ऑक्टोबरअखेर वाघांनी उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुसलमानांना निघून जायला सांगितलं. जाफना शहरात मुदत दिली दोन तासांची. सत्तर हजारांवर माणसं बाहेर पडली. दागिने, पैसे वाटेत काढून घेतले. यांची भाषा कोणती? तमिळ. पिढ्यान् पिढ्या घरात, बाजारात, अंगाईत तमिळच. तमिळसाठी लढणाऱ्यांना ती ऐकू आली नाही. मी मराठीत लिहिणारा मुसलमान आहे, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्त लागते. त्या माणसांना ना दिल्लीच्या पत्रात जागा होती, ना कोलंबोच्या हॉटेलातल्या टेबलावर. त्यांतले कित्येक पुढची वीस वर्षं पुत्तलमच्या छावण्यांत राहिले.

मे १९९१ मध्ये राजीव गांधी गेले. १ मे १९९३ ला कोलंबोत कामगार दिनाची मिरवणूक निघाली होती. प्रेमदासा रस्त्यावर उभे राहून स्वतः ती आवरत होते. सायकलवरून एक तरुण जवळ आला. त्यांच्या घरातल्या नोकराशी ओळख वाढवून त्यानं वावर मिळवला होता, म्हणून कोणी अडवलं नाही. तो वाघांचा आत्मघातकी हस्तक होता. जिथं हे घडलं तिथून केहेलवत्त फार दूर नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेनं नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. दुसऱ्या क्रमांकावर राहिले प्रेमदासांचे चिरंजीव सजित. जिंकले अनुरा कुमार दिसानायके, त्याच जेव्हीपीचे नेते. पहिल्या परदेश दौऱ्यावर ते डिसेंबरमध्ये दिल्लीला आले. एप्रिल २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान कोलंबोला गेले, तेव्हा तिथल्या शांतिसेनेच्या स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. ते स्मारक श्रीलंकेच्या सरकारनं बांधलेलं आहे.